न्यायमूर्ती रानडे : पहिल्या प्रवेशपरीक्षेचे विद्यार्थी

दर वर्षी जून महिना उजाडला की एक तरी पालक आम्हांस भेटावयास येतात व मुलाचे गुणपत्रक पुढे ठेवून तोच एक प्रश्न विचारतात. मुलास आताच नाशिकास शिकवणीस घालावे की दहावी होईपर्यंत थांबावे? यंदा आलेल्या गृहस्थांचा मुलगा तर आठवीतच होता. वैद्यकीसाठी 'नीट', अभियांत्रिकीसाठी 'जेईई' आणि 'सीईटी', ही नावे त्या मुलास पाढ्यांसारखी पाठ होती. मुलगा हुशार खरा; पण त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे दिसत होती, आणि आम्ही त्यास अलीकडे कोणते पुस्तक आवडीने वाचलेस असे विचारले तेव्हा तो वडिलांच्या तोंडाकडे पाहू लागला. त्या दिवशी घरी परत जाताना आमच्या मनात आपल्याच शेजारच्या एका मुलाची आठवण आली. महाविद्यालयात प्रवेश मिळविण्यासाठी आपल्या मुलखात जी पहिली परीक्षा झाली तीस तो मुलगा बसला होता. त्याचे नाव महादेव गोविंद रानडे.

शेजारचा असे आम्ही मुद्दाम म्हणतो. निफाड तालुका आमच्या सिन्नर तालुक्यास लागूनच आहे, आणि १८ जानेवारी १८४२ रोजी रानड्यांचा जन्म निफाड येथे झाला. वडील गोविंदराव तेथे सरकारी कचेरीत नोकरीस होते. मूल दोनअडीच वर्षांचे असेल तोच वडिलांस कोल्हापुराकडे नोकरी लागली व कुटुंब बैलगाडीने निघाले. निफाडाहून दक्षिणेकडे जाणाऱ्यास आमच्याच तालुक्यातून जावे लागले असेल असे मानावयास हरकत नाही. या प्रवासातील एक हकीकत त्यांच्या घरात पुढे वर्षानुवर्षे सांगितली जात असे. रात्रीची वेळ होती, गाडीत सर्वांस झोप लागली होती. एका गचक्यासरशी लहानगा महादेव गाडीतून खाली पडला आणि गाडी तशीच पुढे निघून गेली. मागून घोड्यावरून चुलते येत होते. त्यांच्या कानी मुलाचा आवाज पडला म्हणून मूल हाती लागले. त्या अंधाऱ्या वाटेवर महाराष्ट्राचे केवढे धन सांडले होते हे कोणास ठाऊक होते?

कोल्हापुरातील महादेव पाहून मात्र कोणी त्याचे भविष्य वर्तविले नसते. मूल अबोल, अंगाने स्थूल, हालचालीत मंद. आई गोपिकाबाई यांना तर याचे पुढे कसे होणार ही काळजीच होती. मनात आले ते बोलून दाखविण्याची सवयच त्या मुलास नव्हती. मराठी शाळा झाल्यावर तेथील इंग्रजी शाळेत त्याचे नाव घातले. १८५३ साली आई वारली. घरात कडक शिस्तीचे वडील, बाहेर मोजके सोबती. त्या सोबत्यांत कीर्तन्यांच्या घरची मुले होती. त्यांपैकी विनायक जनार्दन कीर्तने हे पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांवरील नाटकाचे कर्ते म्हणून प्रसिद्धीस आले. कोल्हापुरातील शिक्षण संपत आले तेव्हा या मुलांचे मुंबईस जाण्याचे ठरू लागले. महादेवासही जावयाचे होते. पण वडिलांसमोर उभे राहून तसे म्हणण्याचे धैर्य त्याच्या अंगी नव्हते. शेवटी कीर्तन्यांच्या घरातूनच ती गोष्ट वडिलांच्या कानी घालण्यात आली असे सांगतात. आमच्या वर्गांतही अशी मुले असतात. त्यांस काय शिकावयाचे आहे हे शेजाऱ्यास ठाऊक असते, वडिलांस नसते.

१८५६ साली चौदा वर्षांचा महादेव मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. बोरघाटातून आगगाडी अद्याप जात नव्हती. कोल्हापूर ते मुंबई हा प्रवास आजच्या मुलांनी कल्पनेनेच करावा. परक्या शहरात राहावयाचे, समुद्राची दमट हवा सोसावयाची, आणि शिकावयाचे ते सारे इंग्रजीतून. तो अशा रीतीने रुळत असतानाच १८५७ च्या जुलै महिन्यात मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा झाला.

विद्यापीठ निघाले म्हणजे आरंभी फार काही झाले असे नव्हे. लंडनच्या विद्यापीठाचा नमुना समोर ठेवलेला होता. विद्यापीठाने स्वतः शिकवावयाचे नव्हते, परीक्षा घ्यावयाच्या होत्या. त्यांतली पहिली म्हणजे प्रवेशपरीक्षा, जिला पुढे आमच्या आजोबा-पणजोबांची पिढी मॅट्रिक म्हणू लागली. ही परीक्षा १८५९ साली प्रथम घेण्यात आली. आजच्या विद्यार्थ्याने क्षणभर त्या उमेदवारांच्या जागी स्वतःस कल्पावे. मागील वर्षांचे प्रश्नसंच नाहीत, कारण मागील वर्षच नाही. मार्गदर्शक पुस्तके नाहीत, शिकवणीचे वर्ग नाहीत, ही परीक्षा पूर्वी उत्तीर्ण झालेला एकही मनुष्य सबंध इलाख्यात नाही. परीक्षक काय विचारतील हे शिक्षकांसही ठाऊक नाही. इंग्रजी व आणखी एक भाषा, गणित, इतिहास, भूगोल, सृष्टिविज्ञानाची मूलतत्त्वे, एवढी मर्यादा आखलेली होती. त्या मर्यादेच्या आत सारेच रान मोकळे. निकाल लागला तेव्हा बसलेल्यांपैकी बहुतेक गळाले होते. जे थोडे उत्तीर्ण झाले, पंचविसांच्या आतच ते होते, त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावे होती.

त्यांनी तयारी केली ती कशी? येथे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस थोडे थांबवू इच्छितो, कारण या प्रश्नाचे उत्तर चमत्कारिक आहे. त्यांनी परीक्षेची तयारी अशी वेगळी केलीच नाही. करणे शक्यच नव्हते. त्यांनी वाचले. इतिहास वाचला तो जाडजूड मूळ ग्रंथांतून, एका ग्रंथात दुसऱ्याचा उल्लेख आला की तोही मिळवून. ग्रंथालयातून आणलेली पुस्तके रानड्यांच्या भोवती पसरलेली असत आणि ते त्यांत बुडून गेलेले असत, वेषाची शुद्ध नाही, जेवणाची नाही. पाठांतरात त्यांच्याहून तरबेज मुले वर्गात असतील; परंतु वाचलेल्याचा परस्परांशी संबंध जोडणे, एका देशाच्या इतिहासावरून दुसऱ्या देशाविषयी प्रश्न उपस्थित करणे, ही त्यांची खासियत होती. विषय कोणताही येवो, अशा तयारीच्या मुलास प्रश्नपत्रिकेचे भय वाटत नाही.

आता कोणी म्हणेल की, ती परीक्षा वेगळी व ही वेगळी; आज तीन तासांत शेकड्यांनी प्रश्न सोडवावे लागतात, तेथे मूळ ग्रंथ वाचून काय होणार? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आजच्या परीक्षेस वेगाचा सराव लागतो, तो केलाच पाहिजे, आणि आम्ही शाळेत तो करूनही घेतो. परंतु सराव कशाचा करावयाचा ते आधी डोक्यात असावे लागते. अकरावीत येऊन बलाची व्याख्या घोकणारा विद्यार्थी आम्ही दर वर्षी पाहतो, आणि त्याच्या व्याख्येतला एक शब्द बदलून प्रश्न घातला की तो अडतो, हेही पाहतो.

प्रवेश मिळाला तरी पैशाचा प्रश्न होताच. त्या काळी हुशार विद्यार्थ्यांस दक्षिणा फेलो नेमीत असत व महिन्याचे वेतन देत. या निधीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमलात ती हळूहळू कमी करण्यात आली, आणि तिचा काही भाग ग्रंथांच्या बक्षिसांकडे व पुढे महाविद्यालयांतील फेलोंकडे वळविण्यात आला. ती रक्कम अशा रीतीने इतिहास व अर्थशास्त्र शिकणाऱ्या रानड्यांच्या उपयोगी पडली. फेलोस स्वतः शिकता शिकता खालच्या वर्गांस शिकवावे लागे. आमचा असा अनुभव आहे की जो विषय दुसऱ्यास शिकवावा लागतो तोच खरा पक्का होतो. आमच्या दहावीच्या मुलांकडून आठवीच्या मुलांस गणित शिकविण्याचा जो उपक्रम आम्ही चालविला आहे त्याची कल्पना आम्हांस येथूनच सुचली.

याच काळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट हे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे मोठे पंडित होते व रानड्यांवर त्यांचा लोभ होता. एकदा रानड्यांनी निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि ती इंग्रजांस अनुकूल ठरली नाही. ग्रँटसाहेबांनी त्यांस बोलावून, जे सरकार तुम्हांस शिकविते त्यावरच असे लिहू नये अशी समज दिली आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद ठेवली. ज्यास घरून पैसा मागविणे जड होते त्याने हे सोसले. गुरूविषयीचा आदर मात्र त्यांनी कधी सोडला नाही. आम्हां शिक्षकांस हा प्रसंग वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते. शिष्याने मनापासून लिहिलेल्या उत्तरास गुण कापल्याचे आमच्या हातूनही कधी घडले नसेल असे छातीठोकपणे कोण म्हणेल?

१८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले. चौघेच होते: रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. १८६४ साली रानडे एम.ए. झाले, १८६६ साली एल्एल्.बी. मधल्या काळात, १८६५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी ते विद्यापीठाचे फेलोही नेमले गेले. म्हणजे सहा वर्षांपूर्वी ज्या दारात परीक्षार्थी म्हणून उभे होते त्या दाराच्या आत त्यांस बसावयास जागा मिळाली.

पण या यशाचे मोल त्यांनी कशाने दिले? डोळ्यांनी. अहोरात्र वाचनाने विद्यार्थिदशेतच त्यांचे डोळे इतके बिघडले की काही महिने वाचनच बंद करावे लागले. डोळ्यांवर पट्टी बांधून बसावयाचे, सोबत्यांनी मोठ्याने वाचावयाचे व यांनी ऐकावयाचे, अशा रीतीने अभ्यास चालला. दृष्टी पुढे जन्मभर अधूच राहिली. रानड्यांच्या चरित्रात आम्ही मुलांस जे जे दाखवितो त्यांत ही एक गोष्ट अनुकरणासाठी नाही. त्यांस ती स्वतःसच पुरती कळून चुकली होती, हे पुढील हकीकतीवरून दिसेल.

शिक्षण संपल्यावरची त्यांची कारकीर्द सर्वश्रुत आहे, म्हणून तिचा येथे नुसता उल्लेख करतो. शिक्षण खात्यात मराठी भाषांतराचे काम, अक्कलकोट व कोल्हापूर येथील अधिकाराच्या जागा, मग १८६८ पासून एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी व इतिहासाची अध्यापकी, आणि १८७१ मध्ये पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज. प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद, यांची माहिती इतिहासाच्या पुस्तकात आहे. १८९० साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाचे जे वादळ उठले त्याची गोष्टही फार गमतीची व थोडी दुःखाची आहे, पण ती पुन्हा केव्हातरी सांगू. १८७८ साली त्यांची बदली नाशिकास झाली, आणि जेथे जन्मले त्याच जिल्ह्यात ते न्यायाधीश म्हणून परत आले. बरोबर पत्नी रमाबाई होत्या. १८७३ साली लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या व त्यांस अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी त्यांस घरीच मुळाक्षरांपासून शिकविण्यास आरंभ केला, आणि घरातील वडील स्त्रियांची नाराजी दोघांनी मिळून सोसली. कचेरीचे काम आटोपून पत्नीच्या पाटीवरची अक्षरे तपासणारा न्यायाधीश त्या वेळी या जिल्ह्यात दुसरा क्वचितच असेल.

पहिल्या चार पदवीधरांपैकी तिघांनी, म्हणजे रानडे, मोडक व भांडारकर यांनी, १८८४ साली पुण्यास मुलींसाठी हायस्कूल काढण्यात पुढाकार घेतला. तीच आजची हुजूरपागा. ज्या दारातून आपण आत गेलो ते आपल्या मुलींस बंद आहे हे त्यांच्या लक्षात आले होते. आमच्या विद्यार्थिनींस येथे एक नाव सांगून ठेवावेसे वाटते. कॉर्नेलिया सोराबजी या नाशिकास १८६६ साली जन्मल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर त्या. डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या आल्या, पण विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री म्हणून त्यांस नाकारली गेली. तरीही १८८९ साली त्या ऑक्सफर्डास गेल्याच.

आता मूळ विषयाकडे येतो. रानडे पन्नाशीस आले तेव्हा भोवती पाहून त्यांचे मन विषण्ण होऊ लागले. ज्या तरुणांकडे महाराष्ट्राने आशेने पाहिले ते भराभर जात होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली एकतिसाव्या वर्षी गेले. कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ साली, पस्तिशीच्या आतच. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली त्रेचाळिसाव्या वर्षी. त्यांच्याच जागी रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. दुसरा कोणी असता तर ईश्वरेच्छा म्हणून उसासा टाकून गप्प बसता. रानड्यांनी विद्यापीठाच्या नोंदी काढल्या. १८६२ पासूनच्या पदवीधरांच्या याद्या घेऊन किती हयात आहेत, किती निवर्तले, कोणत्या समाजाचे किती, याची मोजदाद केली, आणि १८९४ च्या सुमारास मुंबईत पदवीधरांपुढे ती मांडली. हिंदू पदवीधरांत, विशेषतः दक्षिणी पदवीधरांत, अकाली मृत्यूचे प्रमाण पारशी पदवीधरांहून पुष्कळ अधिक निघाले. हवा तीच, विद्यापीठ तेच, परीक्षा त्याच. मग अंतर का पडावे? राहणी, खाणेपिणे, व्यायामाचा अभाव, कोवळ्या वयात अंगावर पडणारा संसार आणि त्यावर परीक्षांचे ओझे, अशा कारणांकडे त्यांनी बोट दाखविले. हे बोलणे अनेकांस रुचले नाही. पालकांस वाटे, हा मनुष्य आमच्या चालीरीतींस दोष देतो. विद्यापीठातील कित्येकांस वाटे, हा परीक्षांचा दर्जा उतरवू पाहतो.

त्यांचे म्हणणे साधे होते. एका विषयात नापास झालेल्या मुलास सगळेच विषय पुन्हा द्यावयास लावणे हे निष्ठुर आहे. जे विषय त्याने एकदा जिंकले ते त्याच्या पदरात टाकावे व राहिलेल्याचीच पुन्हा परीक्षा घ्यावी. आज आपल्या मुलांस एकदोन विषय राहिले तर तेवढेच पुन्हा देता येतात, आणि तसे होणे आपणांस इतके स्वाभाविक वाटते की कोणी एके काळी त्यासाठी भांडत होते हे मनातही येत नाही. रानड्यांना ही सुधारणा आपल्या हयातीत हवी तशी पाहावयास मिळाली नाही. आकड्यांपुढेही माणसे सहजी हलत नाहीत, हा अनुभव त्यांस जन्मभर येत राहिला. चिडणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते. नामदार गोखले सुमारे चौदा वर्षे त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी लिहून आणलेला मजकूर रानडे पुन्हा पुन्हा लिहावयास लावीत, आणि तेही आवाज न चढविता.

विद्यापीठातील त्यांचे दुसरे भांडण मराठीसाठी होते. ते स्वतः शिकत होते त्या आरंभीच्या वर्षांत परीक्षेत मराठीस स्थान होते. पुढे १८६० नंतरच्या दशकात वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या गेल्या व संस्कृत, लॅटिन अशा भाषाच राहिल्या. मराठीत अभ्यास करण्याजोगे ग्रंथ आहेत कोठे, असा विरोधकांचा प्रश्न असे. येथेही रानड्यांनी भावनेचा आश्रय घेतला नाही. तरुणपणी १८६४ साली त्यांनी मराठी ग्रंथांची पाहणी केलेलीच होती; १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर त्यांनी पुन्हा सविस्तर टिपण लिहिले. कोणत्या विषयावर किती पुस्तके निघाली, जुन्या कवींचे काय छापले गेले, भाषांतरे किती व स्वतंत्र किती, हे सारे मोजून पुढे ठेवले. एवढे करूनही विरोध मावळला नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे फेलोंच्या भेटी घेत राहिले.

त्या वेळेपर्यंत त्यांची प्रकृती ढासळली होती. छातीचा विकार बळावला होता, तरी न्यायालयाचे काम व वाचन सुटत नव्हते. वाचून दाखविण्याचे काम आता रमाबाई करीत. ज्या मुलास पहिले अक्षर गिरवावयास कोल्हापुरात आईची विनवणी लागली असेल त्याला, आणि जिला पहिले अक्षर त्याने गिरवून दिले तिला, एकाच दिव्याजवळ बसलेले आम्ही कित्येक वेळा डोळ्यांपुढे आणतो. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर आलेला असताना, मुंबईत रानडे निवर्तले. विद्यापीठाच्या एम.ए. परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला तो त्याच वर्षी.

आरंभी सांगितलेल्या आठवीतील मुलास आम्ही शिकवणीस पाठवू नका असे म्हटले नाही. तो निर्णय वडिलांचा. दहावीपर्यंत तरी रविवार मोकळा ठेवा व रात्री दहानंतर दिवा मालवा, एवढे मात्र आग्रहाने सांगितले, आणि त्याचे डोळे तपासून घ्यावयास लावले. चष्मा लागला. आता तो दर शनिवारी ग्रंथालयात येतो. गेल्या आठवड्यात त्याने शिवकालावरील एक पुस्तक नेले, आणि ते परत करताना त्यातील एका नकाशात चूक आहे असे आम्हांस दाखवून दिले. नकाशा ताडून पाहिला. चूक खरोखरच होती.